पडद्यावरची तालीम : सोय की पळवाट?

बौद्धिक दिव्यांगांच्या, म्हणजे ज्यांना कालपरवापर्यंत आपण सरसकट ‘मतिमंद’ म्हणत होतो त्यांच्या, शिक्षणाचा विचार महाराष्ट्रात गेली अनेक दशके होत आला आहे. मुंबईची जय वकील शाळा 1944 साली निघाली, पुण्याची कामायनी 1964 साली. नाशिकला रजनी लिमये यांनी 1977 साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. तथापि या विचाराच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने राहिले ते मूल. मूल प्रौढ झाले की शाळा सुटते आणि शाळेबरोबर कवायत, खेळ व पटांगणही सुटते. काहींना पुढे उद्योगकेंद्राचा आधार मिळतो. बाकीच्यांच्या वाट्याला येते ती घराच्या कोपऱ्यातील खुर्ची.

ही खुर्ची किती वर्षांची? अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान 1983 साली सुमारे 25 वर्षे होते. ते आता साठीच्या घरात गेले आहे. वैद्यकाने आयुष्य दिले. ते आयुष्य चालते-फिरते ठेवण्याची जबाबदारी मात्र कोणी उचललेली नाही. पंचेचाळिशीचा मुलगा स्वतः उठू-बसू शकतो की नाही, यावर सत्तरी ओलांडलेल्या आईचे उरलेले दिवस अवलंबून असतात. त्याच्या पायांतील बळ गेले, की त्याला उचलण्याचे बळ तिने कोठून आणावयाचे? ‘आमच्यामागे याचे काय?’ हा पालकांचा जुना प्रश्न असा अखेर मांडीच्या स्नायूंपाशी येऊन ठेपतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रथमच दिव्यांगांचा स्वतंत्र विचार केला आणि प्रौढ दिव्यांगांनाही इतरांप्रमाणेच आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला. त्याच वर्षी टाळेबंदीने शाळा व उद्योगकेंद्रे बंद पाडली आणि व्यायाम दूरध्वनीच्या पडद्यावर आला. स्पेशल ऑलिंपिक्स या संस्थेने कुस्तीपटू बेकी लिंच हिच्यासमवेत ‘स्कूल ऑफ स्ट्रेंग्थ’ ही चित्रफितींची मालिका काढली. त्यापूर्वी अमेरिकेतील कॅन्सस येथील संशोधकांनी बौद्धिक दिव्यांग असलेल्या कुमारवयीनांचा पडद्यावरील सामुदायिक व्यायामवर्ग बारा आठवडे चालवून पाहिला होता. शिक्षक त्यांना पाहत होता, तेही शिक्षकाला आणि एकमेकांना पाहत होते. असा वर्ग चालू शकतो, हे त्यातून दिसून आले.

या दोन प्रकारांतील फरक महत्त्वाचा आहे. ध्वनिचित्रफीत लावून दिली की काम झाले, असे मानणे सोपे. पण चित्रफितीला समोरचा चुकला हे कळत नाही, तो थकला हेही कळत नाही. ‘राजू, हात आणखी वर’ असे नाव घेऊन सांगणारा माणूस पलीकडे असला, म्हणजेच हात वर जातो. त्याने एका वेळी एकच सूचना द्यावी, आरशातल्याप्रमाणे समोरासमोर करून दाखवावे, ‘तीस सेकंद’ म्हणण्याऐवजी दहापर्यंत मोठ्याने आकडे म्हणावेत आणि व्यायामाचा क्रम रोज तोच ठेवावा. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्या साधनांवर घरात बरेच साधते. मात्र पडद्याच्या अलीकडेही एक माणूस हवाच.

तो हवा याचे आणखी एक कारण आहे. डाउन सिंड्रोम असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. अशांना शीर्षासन किंवा कोलांटउडी घातक ठरू शकते. त्यांच्या हृदयाचे ठोके श्रमाने इतरांइतके वाढत नाहीत, त्यामुळे नाडीचे सर्वसाधारण तक्तेही त्यांना लागू पडत नाहीत. काहींना अपस्मार असतो. वैद्यकीय तपासणीविना कोणतीही चित्रफीत समोर लावणे हा उत्साह नव्हे, निष्काळजीपणा होय.

येथेच शासनाचा संबंध येतो. 2011 च्या जनगणनेने देशात सुमारे 15 लाख बौद्धिक दिव्यांग मोजले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 30 ने क्रीडाक्षेत्रातील त्यांचा सहभाग ही शासनाची जबाबदारी ठरविली आहे. त्यासाठी सुविधांची फेररचना करावी आणि तंत्रज्ञान विकसित करावे, असेही त्यात म्हटले आहे. यातील तंत्रज्ञानाचा भाग स्वस्त, म्हणून तो आधी उचलला जाईल अशी भीती वाटते. एकदा चित्रफिती उपलब्ध झाल्या, की पटांगणाची मागणी करणाऱ्या पालकाला त्यांच्याकडे बोट दाखविता येते. उतार नसलेले जिने आणि दिव्यांगांना प्रवेश देण्यास कुरकुरणाऱ्या व्यायामशाळा मग आहेत तशाच राहतील.

पडद्यावरच्या तालमीचे स्वागत करावयास हवे, ते दूरच्या खेड्यातील घरासाठी आणि पावसाळ्यातील बंद दारासाठी. परंतु अशा प्रत्येक वर्गामागे प्रशिक्षित शिक्षकाचे वेतन, वर्षातून एकदा विनामूल्य तपासणी, घरी मदतीस येणाऱ्या सहायकाचे मानधन आणि आठवड्यातून किमान एक दिवस प्रत्यक्ष मैदान, या चार गोष्टी अर्थसंकल्पात दिसल्या पाहिजेत. त्या नसतील, तर आपण कोपऱ्यातल्या खुर्चीसमोर केवळ एक पडदा मांडला, इतकेच होईल.