पडद्यावरचा कागद

रेल्वेत तिकीट तपासनीस आला की अनेक जण आता पाकिटाऐवजी फोन काढतात. डिजिलॉकर उघडलं की ओळखपत्र क्षणात पडद्यावर!

ॲपमध्ये दिसणारा असा कागद पुष्कळदा पीडीएफ असतो. अडोबीने १९९३ मध्ये आणलेलं हे स्वरूप २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. गंमत म्हणजे ॲप ही फाइल सहसा शेवटाकडून वाचायला घेतं. कोणता भाग कुठे आहे, याची सूची फाइलीच्या तळाशी असते. त्यामुळे जाडजूड ग्रंथातलं तीनशेवं पान उघडायला आधीची पानं चाळावी लागत नाहीत. दिसणारं पान तेवढं रंगवायचं. फोनची मेमरी वाचते ती इथेच.

पानात बहुतेक सूचना असतात: अमुक जागी अमुक अक्षर, तमुक जागी रेघ. चिमटीने पान मोठं केलं की ॲप ते नव्याने रेखाटतं, म्हणून अक्षरांच्या कडा रेखीव राहतात. स्कॅन केलेला सातबारा मात्र नुसता फोटो. तो मोठा केला की अक्षरं फुटतात.

मराठीची अडचण आणखी वेगळी. युनिकोडपूर्व फॉन्टमधली जुनी पीडीएफ दिसते सुबक, पण तीत ‘शेतकरी’ शोधायला गेलं तर सहसा सापडत नाही. अक्षराचा आकार देवनागरी, आतला संकेतांक मात्र रोमन अक्षराचा.