धुण्याचे यंत्र आणि विहिरीचे पाणी



झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर गेले की चिरगाँव लागते. हिंदी काव्याच्या वाचकांना हे नाव मैथिलीशरण गुप्त यांच्यामुळे ठाऊक आहे. १८८६ साली त्यांचा जन्म याच गावी झाला. मराठी माणसालाही हा मुलूख परका नाही. पेशवाईच्या काळात कितीतरी मराठी घराणी बुंदेलखंडात आली आणि इथलीच होऊन राहिली. झाशीचे राज्य १८५४ साली खालसा झाले, तरी त्या घरांतील मराठी काही खालसा झाली नाही. अशाच एका घरात माझी मावसबहीण दिलेली आहे. गेल्या चैत्रात तिच्याकडे गेलो होतो. आजचे माझे बोलणे त्या मुक्कामात निघालेल्या एका तक्रारीविषयी आहे.

तक्रार होती धुण्याच्या यंत्राची. घरात नवे यंत्र येऊन वर्ष झाले होते. पहिले दोन महिने कौतुकात गेले. पुढे पांढरे कपडे राखाडी दिसू लागले, पंचे इतके ताठ होऊ लागले की अंग पुसताना ओरखडे उठावेत, आणि धाकट्या मुलाच्या मानेवर सदऱ्याच्या पट्टीखाली पुरळ उठू लागला. डॉक्टरांनी कपड्यांत राहून गेलेल्या साबणाचा संशय बोलून दाखवला. सासूबाईंचा निकाल मात्र आधीच झाला होता. ‘‘आमची धोबीण बेतव्यावर धूत असे, तेव्हा धोतर बगळ्यासारखे निघे. यंत्राला हात नाहीत आणि हल्लीच्या मुलींना लक्ष नाही,’’ असे त्या मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या. बहीण माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘दादा, तू जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेस. मग सांग, चूक यंत्राची की माझी?’’

मी प्रथम यंत्राकडे गेलोच नाही, स्वयंपाकघरात गेलो. चहाच्या पातेल्याच्या तळाला पांढरी खरपुडी धरली होती. ‘‘इथे तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो का?’’ असे विचारताच सासूबाईच म्हणाल्या, ‘‘विहिरीच्या पाण्यात तर शिजतच नाही हो. डाळीला नळाचे पाणी राखून ठेवावे लागते.’’ आणि कपड्यांना? कपड्यांना अर्थात विहिरीचेच पाणी. पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवलेले. अर्धे उत्तर तिथेच मिळाले.

जमिनीत मुरणारे पाणी खडकांतून आणि मातीतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्याबरोबर घेऊन येते. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हटलेले असते. साबण त्यात पडला की त्या क्षारांशी संयोग पावतो आणि दूध नासावे तसा नासतो. त्याचा चिकट, न विरघळणारा साका होतो आणि तो कपड्याच्या धाग्यांत जाऊन बसतो. साबण मळ काढण्याऐवजी स्वतःच मळ होतो. राखाडी रंग, ताठपणा आणि कातडीला होणारा त्रास ही तिन्ही लक्षणे या एका कारणातून निघू शकतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठिणता चांगली समजली जाते आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. पिण्यास चालणारे पाणी धुण्यासही चांगले असेलच, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

आपल्या घरचे पाणी कसे आहे हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. स्वच्छ बाटली अर्धी पाण्याने भरावी. त्यात साध्या साबणाचा थोडा कीस टाकावा. धुण्याची भुकटी मात्र नको, कारण ती कठीण पाण्यातही फेस देते. बाटली जोराने हलवावी. वर भरपूर फेस उभा राहिला आणि खालचे पाणी जवळजवळ नितळ दिसले, तर पाणी मृदू आहे. फेस नाममात्र आणि पाणी दुधट, वर साका तरंगणारा, तर पाणी कठीण. आम्ही तीन बाटल्या केल्या: एक विहिरीच्या पाण्याची, एक नळाच्या आणि एक बाजारातून आणलेल्या शुद्धोदकाची. विहिरीच्या बाटलीत ताकासारखे पाणी झाले. सासूबाई ती बाटली उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिल्या.

आता उरलेले अर्धे उत्तर. १९५९ साली हेंकेल या जर्मन कारखान्यातील रसायनज्ञ हेर्बर्ट झिनर यांनी धुलाईचे एक सोपे सूत्र मांडले. कपडा स्वच्छ होतो तो चार गोष्टींनी: रसायन, घुसळण, उष्णता आणि वेळ. एक वर्तुळ काढून त्याचे चार भाग करावेत, तशा या चार गोष्टी आहेत. एखादा भाग लहान केला तर दुसरा मोठा करावा लागतो. वर्तुळ अपुरे ठेवून चालत नाही. आणि या चौघांचेही काम चालते ते पाण्यात.

हे सूत्र आपल्या धोबिणीला पुस्तकावाचून ठाऊक होते. खारट मातीतली रेह किंवा सोडा हे तिचे रसायन. कपड्यांना वाफ देणारी भट्टी ही उष्णता. घाटावरचा दगड आणि तिचे दंड ही घुसळण. आणि वेळ? सबंध दिवस. शिवाय नदीचे पाणी सहसा विहिरीच्या पाण्याहून मृदू असते आणि घाटावर ते वाहते असते, म्हणजे खळबळून काढण्याला तोटा नाही. धोतर बगळ्यासारखे निघे ते या सर्वांमुळे. यंत्राने यांतले घुसळणे तेवढे आपल्या हातून घेतले. बाकीचे ठरवण्याचे काम अजून आपलेच आहे. आम्ही मात्र थंड, जड पाणी घालतो, यंत्र गळ्यापर्यंत भरतो, सर्वांत लहान आवर्तन लावतो आणि यंत्राला नावे ठेवतो.

बहिणीच्या यंत्रात कपडे खरोखरच दाबून भरलेले होते. यंत्र सात किलोचे म्हणजे सात किलो कोरडे सुती कपडे, आणि तेही सुती कपड्यांच्या पूर्ण आवर्तनात. एक मोठी चादर पाऊण किलोच्या आसपास भरते, एक जाड पंचा अर्ध्या किलोपर्यंत जातो. समोरून दार असलेल्या यंत्रात पिंप फिरते, कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात. घाटावरच्या दगडाचे काम ते असे करते. पिंप ठासून भरले तर कपड्यांना पडायला जागाच उरत नाही. कपडे भरल्यावर वरच्या बाजूस उभा पंजा सहज जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. कृत्रिम धाग्याचे कपडे असतील तर पिंप अर्धेच भरावे.

दुसरी चूक फेसाची. फेस म्हणजे स्वच्छता, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. म्हणून बहीण हाताने धुण्याची भुकटी, वर साबणाचा कीस, आणि मन भरले नाही तर आणखी एक मूठ टाकत असे. वास्तविक फेस मळ काढीत नाही. उलट समोरच्या दाराच्या यंत्रात फार फेस झाला की कपडे गादीवर पडावेत तसे पडतात, आपटत नाहीत. आणि तो फेस दोन-तीन पाण्यांतही निघत नाही. म्हणून यंत्रासाठी केलेली, कमी फेसाची भुकटी वापरावी. चांगल्या भुकटीत पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवणारी द्रव्ये असतात. पाकिटावरचे माप पाळावे. पाणी कठीण असल्यास त्यावर सांगितले असेल तेवढेच अधिक घ्यावे. मूठ हे माप नव्हे. पाणी फारच कठीण असेल तर मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे होणारे, पाणी मृदू करणारे उपकरण नळाला जोडता येते. तेही नको असेल तर पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी साठवावे. त्याहून मृदू पाणी घरात येत नाही.

तिसरी गोष्ट उष्णतेची. आजच्या बहुतेक भुकट्यांत विकरे असतात. धुण्याच्या द्रव्यात विकरे घालण्याची कल्पना जर्मनीत ओटो रोम यांनी १९१३ साली मांडली. अन्नाचे, घामाचे, रक्ताचे डाग ही विकरे तोडून काढतात, परंतु त्यांना वेळ लागतो आणि ती कोमट पाण्यात जोमाने काम करतात. रोजच्या सुती कपड्यांना ४० अंश पुरतात. चादरी, पंचे आणि लहान मुलांची दुपटी यांना ६० अंश द्यावेत. लोकर आणि रेशीम यांना थंड पाणी, सौम्य आवर्तन आणि त्यांच्यासाठीचे वेगळे द्रव्य. नेहमीच्या भुकटीतील विकरे व अल्कली त्या धाग्यांनाच खातात.

डाग मात्र यंत्राच्या हवाली करण्यापूर्वी पाहावेत. रक्त, दूध, अंडे यांचे डाग आधी थंड पाण्यात भिजवावेत. गरम पाण्याने त्यातील प्रथिन शिजते आणि धाग्यात पक्के होते. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो आणि आपण घाबरतो. घाबरू नये, हळदीतील रंगद्रव्याचा तो गुणच आहे. साबण निघून गेला की तो पुन्हा पिवळा होतो आणि उन्हात हळूहळू उडतो. या कामी बुंदेलखंडाच्या उन्हाइतका उदार मदतनीस दुसरा नाही. रंगीत कपडे मात्र उलटे करून सावलीत वाळवावेत.

शेवटी यंत्राचीही निगा हवी. कठीण पाण्याचा थर आतल्या तापकावरही बसतो आणि वीज वाया जाते. महिना-दोन महिन्यांनी, यंत्राच्या पुस्तिकेत मना केले नसेल तर, लिंबाचे सत्त्व घालून रिकामे यंत्र गरम पाण्यावर चालवावे. एक इशारा विसरू नये: लिंबसत्त्व किंवा शिरका आणि कपडे पांढरे करणारे क्लोरीनचे द्रव्य कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी वायू निघतो. दाराच्या रबरी कडेत पाणी राहिले तर पुसावे आणि धुणे झाल्यावर दार थोडे उघडे ठेवावे, म्हणजे कुबट वास येत नाही.

त्या दिवशी आम्ही काय केले ते सांगतो. साक्याने भरलेले पंचे आणि पांढरे कपडे थोडे थोडे करून, नळाच्या साठवलेल्या पाण्यात, यंत्राच्या भुकटीने ६० अंशांवर धुतले आणि एक पाणी जास्त काढले. एका धुण्यात सगळे निघाले नाही. वर्षाचा साका एका दिवसात जात नाही. तिसऱ्या धुण्याला पंचा मऊ लागला. शेवटच्या खळबळीचे पाणी बादल्यांत धरून त्याने अंगण आणि न्हाणीघर धुतले, कारण त्या मुलखात उन्हाळ्यात पाणी सांडणे हा अपराधच आहे.

आषाढात बहिणीचा फोन आला. मुलाच्या मानेवरचा पुरळ गेला आहे. गच्चीच्या पन्हाळीखाली आता एक टाकी बसवली आहे आणि ती सासूबाईंच्याच सांगण्यावरून. ‘‘आणि धुण्याविषयी काय म्हणतात त्या?’’ मी विचारले. ‘‘म्हणतात, दोष पाण्याचा होता,’’ बहीण म्हणाली, ‘‘पण धोबीण बरी धूत असे, हे अजून म्हणतातच.’’

मला वाटते, त्यांचे दोन्ही म्हणणे बरोबर आहे.