लॉर्नाची सम

लॉर्ना कॉर्देरोचं ‘बेबदो’ किंवा ‘पिसो’ ऐकलेलं नाही असा गोंयकार शोधून सापडायचा नाही. मुंबईत स्थायिक झालेल्या, आखातात नोकरीला गेलेल्या गोवेकरांच्या घरीही ही गाणी आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण ज्यांनी ती फक्त तबकडीवर, कॅसेटवर किंवा मोबाइलवर ऐकली, त्यांच्या वाट्याला लॉर्ना अर्धीच आली. एचएमव्हीच्या त्या छोट्या, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर एका गाण्याला जेमतेम तीन-चार मिनिटं मिळायची. तेवढ्यात वाजंत्र्यांची सुरुवात, दोन कडवी, मधला ट्रम्पेटचा तुकडा आणि शेवट असं सगळं बसवावं लागे. मंचावर ही कुंपणं राहत नाहीत. तेच गाणं तिथं ऐसपैस होतं आणि आपण कोकणी लोकप्रिय गाणं म्हणून ज्याच्यावर पाय ठेका धरतो, ते आतून जॅझ आहे हे कळू लागतं.

लॉर्ना जन्मानं आणि वाढीनं मुंबईची, घराणं गोव्याचं. आज सत्तरी ओलांडलेल्या या गायिकेला तिचे चाहते ‘गोव्याची नाइटिंगेल’ म्हणतात. मला ही उपमा पुरेशी वाटत नाही. तिच्या गळ्यात पाखराची नाजूक किलबिल नाही. खर्जाकडे झुकणारा, किंचित खरखरीत, भरदार आणि शब्दाला दातांनी धरून ठेवणारा असा तो आवाज आहे. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदासमोर उभं राहून गायचं तर असाच आवाज लागतो.

तो वाद्यवृंद होता ख्रिस पेरीचा. परेरा हे त्याचं मूळ आडनाव. जन्म १९२८, मडगावजवळच्या बोर्ड्याचा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ही दोन्ही वाद्यं तो वाजवायचा, गाणी लिहायचा, चाली बांधायचा आणि बँडही चालवायचा. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईच्या नि कलकत्त्याच्या हॉटेलांत, नाइटक्लबांत लॉर्ना आणि पेरीनं रात्रीमागून रात्री गाजवल्या. पेरीनं बांधलेल्या चालींत चा-चा-चा आहे, रुंबा आहे, स्विंग आहे आणि या सगळ्याखाली गोव्याच्या मांडो-दुलपदांची हळवी लकेर आहे. १९७७ साली त्यानं ‘भुंयारांतलो मुनिस’ हा पहिला रंगीत कोकणी चित्रपटही काढला. २००२ मध्ये तो गेला.

हे संगीत गोवेकरांच्या हाती कसं आलं, ते थोडं मागे जाऊन पाहायला हवं. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या गावोगावच्या चर्चशाळेत मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, शिकवत. बरोबरीनं व्हायोलिनही. त्यामुळे पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या तरुणाला लिहिलेलं संगीत वाचता येई. उतरायला धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाची कूड, म्हणजे गावकऱ्यांचं सामायिक बिऱ्हाड, असेच. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या आफ्रिकन-अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याकडून गोवेकर वादकांनी जे उचललं ते कागदावर नव्हतं. स्वर कुठे लांबवायचा, कुठे गिळायचा, आघात कुठे टाकायचा, हे त्यांनी शेजारी बसून, कान लावून घेतलं. पुढे हीच मंडळी दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला आणि रात्री हॉटेलांत वाजवू लागली. आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट या नावानं ओळखला जाणारा अंतोनियो झेवियर वाझ आपल्या बँडसह चक्क पडद्यावर दिसतो. त्या गाण्यांवर बेभान झालेल्या मराठी प्रेक्षकानं जॅझ ऐकला होता. त्याला ते नाव कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

तेव्हा लॉर्नाचं गाणं आपल्याला परकं नाही. फक्त प्रत्यक्ष ऐकताना कान कुठे ठेवायचा, एवढं माहीत असलेलं बरं.

पहिली गोष्ट टाळीची. आपल्या तालात समेवर टाळी पडते, त्यामुळे आपला हात आपोआप पहिल्या मात्रेवर येतो. जॅझमध्ये चार मात्रांच्या आवर्तनात जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. ड्रमवाल्याच्या डाव्या पायाखालची झांज याच दोन मात्रांवर मिटते. एकदा ती झांज कानानं पकडली की सगळा ठेका पुढे झुकल्यासारखा, चालता चालता किंचित उडी मारल्यासारखा वाटू लागतो. स्विंग म्हणतात ते यालाच. केरव्याच्या मात्रांचे सरळ दोन समान भाग न करता पहिला लांब, दुसरा आखूड ठेवला, म्हणजे आत दादऱ्याचा झोल शिरला, तर जे होईल ते याच्या बरंच जवळ जातं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि लॉर्ना ऐकताना मी तिच्याचसाठी जीव कानात आणते. बँड वेळेवर असतो, ती नसते. ओळ जिथे सुरू व्हायला हवी तिथे ती गप्प राहते. बास गिटार पुढे सरकते, ड्रम पुढे सरकतो, आणि मग आता फार उशीर झाला असं वाटत असतानाच ती शब्द टाकते. पुढचे शब्द ती असे दाटीनं आणते की ओळीचा शेवट बरोबर जागेवर उतरतो. ख्यालगायकीत समेच्या जरा पुढे येण्याला अतीत आणि आधी येण्याला अनागत म्हणतात. ज्यांनी ते ऐकलंय, त्यांना ही गंमत समजावून सांगावी लागणार नाही. उशिरा येण्यासाठी समेची जागा रक्तात भिनलेली असावी लागते. ज्याला खात्री नाही, तो गायक वेळेवर येतो.

हे तबकडीवर का नाही सापडत? थोडं सापडतं. पण तबकडीवर तो उशीर एकदाच ठरून गेलेला असतो. हजारदा लावली तरी लॉर्ना तेवढीच थांबते. मंचावर मात्र श्रोते ओळ आधीच म्हणू लागतात, कारण ती त्यांना पाठ असते. लॉर्ना त्यांना पुढे जाऊ देते, माइक जरा दूर धरते, आणि त्यांच्यामागून येऊन तीच ओळ वेगळ्या वजनानं म्हणते. दारुड्यावरचं ‘बेबदो’ एरवी लग्नाच्या मांडवात नाचायचं गाणं असतं. तिच्या या थांबण्यानं त्यातली चीड आणि कळवळ अचानक वर येते. नाचणारे क्षणभर हळू होतात. कोकणीतल्या अनुनासिक स्वरांचाही तिला फार उपयोग होतो. ओळीच्या शेवटचा स्वर नाकात घुमवत ती तो ट्रम्पेटच्या हवाली करते, आणि दोन्ही आवाज कुठे जुळले ते चटकन कळत नाही.

आता वयाबद्दल. ‘आवाज पूर्वीचा राहिला नाही,’ असं कार्यक्रमाच्या मध्यंतरात कुणी तरी म्हणतंच. राहत नाहीच. वय वाढतं तशी स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, श्वास आखूड होतो, बायकांचा आवाज खाली उतरतो आणि वरच्या पट्टीतले स्वर हातातून सुटू लागतात. मग गाणं एक-दोन स्वर खाली घ्यावं लागतं. आपल्याकडे पेटीवाला पट्टी बदलतो आणि काम भागतं. इथे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन यांचे लिहिलेले भाग पुन्हा उतरवून काढावे लागतात, त्यातही ट्रम्पेटची आणि आल्टो सॅक्सोफोनची पट्टीच निराळी असते. शिवाय खाली घेतल्यावर ट्रम्पेटची ती झळझळीत धार कमी होते आणि अख्ख्या गाण्याचा रंग पिकतो. मला तो पिकलेला रंग आवडतो. तरुण वयातली तयारी कमी झाल्यावर गायिकेकडे जे शिल्लक उरतं, म्हणजे शब्द, वेळ आणि थांबणं, तेच या संगीतात सगळ्यात मोलाचं आहे. बिली हॉलिडेची १९५८ सालची ‘लेडी इन सॅटिन’ ही तबकडी ऐकावी. आवाज फाटलेला आहे आणि एकही शब्द वाया गेलेला नाही. २०२५ साली वारलेली शीला जॉर्डन नव्वदी उलटल्यावरही मंचावर उभी राहत होती. अनेकदा सोबतीला फक्त एक डबल बास घेऊन ती गायली, आणि ऐकणाऱ्याला आणखी कशाची उणीव भासली नाही.

लॉर्नाच्या बाबतीत या पिकण्यामागे एक मोठी शांतताही आहे. पेरीपासून वेगळी झाल्यावर वर्षानुवर्षं ती गायलीच नाही. ऐन उमेदीची वर्षं अशी गेली. तबकड्या वाजत होत्या, आणि गाणारी कुठे आहे याचा श्रोत्यांना पत्ता नव्हता. पीटर मोन्सेरात या नामवंत ट्रम्पेटवादकाचा मुलगा रॉनी यानं तिला पुन्हा गायला लावलं, आणि १९९५ साली ती गोव्याच्या श्रोत्यांसमोर परत उभी राहिली. गोव्यानं तिला डोक्यावर घेतलं. पुढे बार्दरॉय बार्रेतो या दिग्दर्शकानं त्या काळातल्या बँडवाल्यांच्या जगावर ‘नाचोंया कुंपासार’ हा चित्रपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि एक नवी पिढी ही गाणी शोधत आली. चित्रपट पाहून आलेल्या या तरुणांनी तिला समोरून ऐकावं असं मला फार वाटतं, कारण पडद्यावर त्यांनी तिच्या काळाची गोष्ट पाहिली आहे. तिचं थांबणं त्यांना मंचासमोरच भेटेल.

मुंबईत अशा ऐकण्याच्या जागा कमी होत गेल्या. चर्चगेटच्या रस्त्यावर एके काळी हॉटेलागणिक बँड असे. १९७८ साली सुरू झालेली ‘जॅझ यात्रा’ धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली भरायची. शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालयं असल्यानं आवाजाच्या नियमांपायी रंगभवनातले कार्यक्रम थांबले. ते नियम गरजेचे आहेत, तरीही त्या तोडीची दुसरी जागा शहराच्या त्या भागात उभी राहिली नाही, याचं दुःख होतं. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत जॅझचे कार्यक्रम होतात. हिवाळ्यात गोव्यात मैदानांवर, हॉटेलांच्या हिरवळीवर होतात.

जायचं ठरलं तर बसायची जागा बाजूची, ड्रमच्या अंगाची घ्यावी. तिथून वादकांच्या खाणाखुणा दिसतात. प्रमुखानं डोक्याला हात लावला की गाण्याच्या मूळ चालीवर परत यायचं. चार बोटं दाखवली की वादकांनी चार-चार आवर्तनं वाटून घेऊन सवाल-जवाब करायचे. वर केलेली मूठ म्हणजे आता संपवायचं. वाद्याचा एकल तुकडा संपला की टाळी द्यायची असते, गाणं संपायची वाट पाहायची नसते. आपण तान संपल्यावर ‘वाहवा’ म्हणतोच, तसंच हे.

आणि तिकीट काढण्याआधी एक चौकशी जरूर करावी : ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजवायला माणसं आहेत, की त्यांचे आवाज कीबोर्डावरून काढणार आहेत? खर्च वाचवायला हल्ली पुष्कळ ठिकाणी दुसरी सोय करतात. काही वेळा तर सगळी साथ आधीच मुद्रित केलेली असते आणि गायिका तिच्यावर गाते. अशा साथीला थांबता येत नाही. लॉर्ना ओळ मागे खेचते तेव्हा ट्रम्पेटवाला तिच्या खांद्याकडे बघत असतो, कारण श्वास घेताना तो वर जातो. खांदा वर गेला की ओठांशी आलेलं वाद्य ट्रम्पेटवाला आणखी अर्धी मात्रा रोखून धरतो, आणि तिचा शब्द पडल्यावरच त्याचं उत्तर येतं.