गाडीचे वजन आणि पेट्रोलचा हिशेब

चांदूर रेल्वेच्या बाजारात आम्हांला व्यापारी भाऊ नेहमी विचारतात, "जुन्या मारुती ८०० ला पत्राच एवढासा, म्हणून ती ॲव्हरेज द्यायची. आजच्या जड गाड्या कशा परवडायच्या?" सवाल अर्धा बरोबर आहे. १९८३ च्या डिसेंबरात आलेली ती गाडी साधारण ६५० किलोची होती. आजची स्विफ्ट ९०० किलोंच्या आसपास भरते. पण ते वजन फुकट वाढलेले नाही. एसी आला, धडक सोसणारा सांगाडा आला, २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. तरी ॲव्हरेज पडले नाही, कारण कार्बुरेटर जाऊन पेट्रोल मोजून सोडणारे इंजेक्शन आले.

वजन पेट्रोल कोठे खाते, हे आपल्या हमालाला विचारावे. कापडाच्या गाठी लादलेली हातगाडी जागची हलविताना त्याचा दम निघतो. एकदा चालू लागली की सपाट रस्त्यावर तेवढा जोर लागत नाही. मोटारीचेही तसेच. गर्दीत थांबणे, पुन्हा निघणे आणि चढ, येथे किलोकिलोचा हिशेब होतो. ब्रेक दाबला की कमावलेला वेग उष्णता होऊन उडून जातो. ढोबळ हिशेब असा, की लहान गाडीत ४५ किलो जादा ठेवले तर पेट्रोल सुमारे एक टक्का जास्त जाते.

एक टक्का म्हणजे फार नव्हे. आमची खरी चूक निराळीच होती. अमरावतीहून साड्यांचे गठ्ठे आम्ही टपावरच्या कॅरिअरला बांधून आणीत असू. पोहऱ्याच्या जंगलातला चढउतार लागला की गाडी कण्हायची, आणि आम्ही दोष वजनाला द्यायचो. वास्तविक मोकळ्या रस्त्यावर मोठा शत्रू हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि टपावरचा गठ्ठा म्हणजे हवेपुढे उभी केलेली भिंतच. रिकामे कॅरिअरसुद्धा पेट्रोल खाते. आमचे तर बारा महिने टपावर असे!

पेट्रोल शंभरीपार गेल्यावर वही काढून बसलो. आता थोडा माल असला तर मागची सीट पाडून आत ठेवतो, टायरची हवा आधी तपासून घेतो. सणाचा माल तीन दुकाने मिळून टेम्पोने आणतो, भाडे वाटून घेतो. कॅरिअर गोदामात पडून आहे. कोणाला भंगाराच्या भावाने हवे असल्यास सांगावे.