नवी चादर अंगाला टोचते?

बाजारातून नवी कोरी चादर आणली, घडी मोडून माणसाच्या अंगावर घातली आणि माणूस रात्रभर कुशी बदलत राहिला, असे तुमच्या घरी कधी झाले आहे का? आमच्या घरी झाले. गेल्या थंडीत सासूबाई मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना ऊब मिळावी म्हणून जाडजूड सोलापुरी चादरींची जोडी आणली, एक खाली अंथरली, एक वर पांघरली. सकाळी म्हणाल्या, "अगं, यापेक्षा आपली घोंगडी बरी!" पाहते तो कोपरे आणि टाचा लालबुंद. धडधाकट माणूस दिवसभर रानात खपून येतो, त्याला चादर खरखरीत की मऊ हे कळायच्या आत झोप लागते. पण तान्हे मूल, बाळंतीण आणि पडून असलेले म्हातारे माणूस यांची कातडी नाजूक असते. त्यांना तीच चादर काचते.

मग मी जे केले ते तुम्ही करू नका. कढत पाणी घेतले, साबणाची अख्खी वडी झिजवली, चादर दगडावर आपटली आणि भर उन्हात पसरली. वाळली तेव्हा पापडासारखी ताठ! आधी होती त्याहून कडक. दोष चादरीचा नव्हता, माझ्या घाईचा होता आणि थोडा आमच्या विहिरीच्या पाण्याचा.

नवी चादर कडक का असते, ते आधी पाहू. मागावर उभे सूत ताणून बसवतात, त्याला ताणा म्हणतात. आडवे भरतात तो बाणा. ताण्याचे सूत घासून तुटू नये म्हणून त्याला खळ लावलेली असते. कधी मक्याच्या पिठाची, कधी चिंचोक्याची. ही खळ कापडात तशीच वाळून बसलेली असते. म्हणजे तुम्हाला टोचतो तो कापूस नव्हे, बरेचदा ती खळ असते. आणि खळ साबणाने निघत नाही, ती भिजून सुटावी लागते.

म्हणून नवी चादर पहिल्यांदा नुसत्या कोमट पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा. साबण नको, काही नको. सकाळी पाण्याला हात लावून पाहा, बुळबुळीत लागेल. ती खळ. पाणी फेकून द्या, चादर खंगाळा, पुन्हा ताजे कोमट पाणी घालून दिवसभर ठेवा. बुळबुळीतपणा संपेपर्यंत असे दोन-तीन वेळा करावे लागते. एकाच पाण्यात मात्र दोन-दोन दिवस ठेवू नका, वास धरतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते मग जन्मभर जात नाहीत. रंगीत चादर असेल तर आधी तिचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग उतरला तर ती वेगळी भिजवा. पाण्यात मीठ टाकले की रंग पक्का होतो असे आपण सगळ्याच ऐकत आलो आहोत, पण एकदा कच्चा बसलेला रंग मिठाने पक्का होत नाही. मीठ आपले स्वयंपाकघरातच राहू द्या.

आता पाण्याचे. ज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात तुमची तुरीची डाळ लवकर शिजत नाही, त्याच पाण्यात चादरही मऊ होत नाही. कारण एकच. पाणी जड असते, त्यात चुन्याचे क्षार असतात. साबण त्या क्षारांशी मिळून फुटक्या दह्यासारखा साका होतो आणि तो सुताच्या पिळात जाऊन बसतो. जितका साबण जास्त, तितका साका जास्त. माझी चादर पापड झाली ती यामुळेच. एका बाटलीत पाणी घेऊन साबणाचा कीस टाका आणि हलवा. फेस टिकला तर पाणी हलके, गाठी झाल्या तर जड.

जड पाण्यावर उपाय सोपा आहे. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी धरा, पहिल्या पावसाचे सोडून. त्यासारखे मऊ पाणी नाही. एरवी बादलीभर पाण्यात धुण्याचा सोडा दोन चहाचे चमचे विरघळवा आणि रात्रभर हलवू नका. तळाशी पांढरा गाळ बसतो, वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्या. सोडा थेट चादरीवर टाकला तर तोच गाळ कापडात बसतो, हे ध्यानात ठेवा. पूर्वी हेच काम चुलीतल्या लाकडाच्या राखेची निवळी करायची. अजूनही करते, पण हाताची सालटी निघतात, म्हणून बेताने.

साबणाऐवजी रिठे वापरून पाहा. एका चादरीला पंधरा-वीस रिठे पुरतात. बिया काढून टरफले रात्री भिजत घाला, सकाळी पाव तास उकळा, कुस्करून गाळून घ्या. रिठ्याचा फेस जड पाण्यातही साका धरत नाही. पांढऱ्या चादरीला किंचित पिवळसर झाक येते, आणि पाणी डोळ्यात गेले तर फार झोंबते. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

चांगले खंगाळून झाल्यावर शेवटच्या बादलीत अर्धे लिंबू गाळून पिळा. कापडात राहिलेला सोडा आणि चुना त्याने सुटतो. पण साबण पूर्ण निघाल्याशिवाय लिंबू नको, नाहीतर चादर तेलकट चिकट होते. आणि ब्लीचिंग पावडर घातलेल्या पाण्यात लिंबू कधीच पिळू नका, विषारी वायू सुटतो.

वाळवण्यातही निम्मे काम आहे. चादर पिळून दोरीसारखी करू नका, दुहेरी घडी करून बाजेवर निथळू द्या. गोधडी असेल तर दोघींनी मिळून उचला. कापूस ओला असताना उलट जास्त बळकट असतो, पण हातशिलाईचे टाके ओल्या ओझ्याने तटातट तुटतात. मग वाऱ्याला घाला. वाऱ्यावर हलत वाळलेले सुती कापड मऊ राहते, वारा नसलेल्या उन्हात निपचित पडलेले ताठ होते. थोडी ओल असतानाच झटका, दोन्ही हातांत धरून चोळा, पुन्हा घाला. एका धुण्यात काम होत नाही, तीन-चार धुण्यांत चादर बदलते.

पडून असलेल्या माणसाबद्दल एक सांगते. नुसत्या मऊ चादरीने भागत नाही. दर दोन तासांनी कूस बदलून द्या, अंथरुणाला चुणी राहू देऊ नका. माकडहाडावर, टाचेवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावर तो पांढरा पडत नसेल, तर घरगुती लेप लावत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

आमची चादर चौथ्या धुण्याला वळणावर आली. संध्याकाळी सासूबाईंच्या अंगावर घातली. त्यांनी ती गळ्यापर्यंत ओढून घेतली, हाताने चाचपली आणि विचारले, "ही जुनी कुठली काढलीस गं ट्रंकेतून?"