आम्हांलाहि राजा हवा!

आपल्या कोंकणांत कित्येक पिढ्या नांदलेल्या बेने इस्राएल लोकांमुळें इस्राएल हें नांव महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. त्या प्राचीन राष्ट्राच्या परंपरेंतील एका प्रसंगाकडे आज वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

काळ इसवी सनापूर्वींच्या अकराव्या शतकाचा. कनान देशाच्या डोंगराळ भागांत इस्राएलांचीं कुळें विखुरलेलीं होतीं. त्यांना राजा नव्हता. संकट आलें म्हणजे एखादा शास्ता पुढें येई आणि शत्रूला हटवी. गिदोन नांवाच्या शास्त्याला लोकांनीं राज्य देऊं केलें, तेव्हां त्यानें तें नाकारलें. कारण परमेश्वर हाच आपला राजा, अशी त्याची श्रद्धा होती.

पुढें शमुवेल शास्ता झाला. त्याचें चारित्र्य निष्कलंक होतें. परंतु वृद्धपणीं त्यानें आपल्या मुलांना न्यायासनावर बसविलें आणि ते लांच खाऊं लागले. ज्या एली याजकाच्या छत्राखालीं तो वाढला, त्याचे मुलगेहि असेच दुराचारी निघाले होते. आणि त्या घराण्याच्या नाशाचें भाकित वृद्ध एलीला बाल शमुवेलानेंच सांगितलें होतें. दुसऱ्याच्या घरांत जें दिसलें, तें स्वतःच्या घरांत त्याला वेळींच दिसलें नाहीं!

अखेर वडीलधारी मंडळी रामा गांवीं आली व इतर राष्ट्रांप्रमाणें आम्हांलाहि राजा द्या, असें म्हणूं लागली. शमुवेलानें बजावलें कीं, राजा तुमचे मुलगे रथांपुढें धांवावयास नेईल, मुलींना स्वयंपाकास लावील, उत्तम शेतें व द्राक्षमळे सेवकांना वांटील आणि धान्याचा दहावा हिस्सा घेईल. परंतु आमच्या लढाया राजानेंच लढाव्या, हा लोकांचा हट्ट सुटेना.

बापाच्या हरवलेल्या गाढवी शोधावयास निघालेला शौल राजा झाला. निवडीच्या वेळीं तो संकोचानें सामानसुमानांत लपून बसला होता. तोच पुढें मत्सरानें तरुण दावीदावर भाला फेंकूं लागला. दावीदानेंहि राजा झाल्यावर परस्त्रीचा अभिलाष धरून तिच्या पतीचा घात करविला. पुढें शलमोनानें वेठबिगारीनें मोठमोठीं बांधकामें उठविलीं. त्याचा पुत्र रहबाम तें ओझें हलकें करीना, म्हणून इ. स. पूर्वीं ९३० च्या सुमारास राज्य दुभंगलें. इ. स. पूर्वीं ७२२ च्या सुमारास उत्तरेकडील राज्य अश्शूरांनीं बुडविलें व ५८६ च्या सुमारास यरुशलेम बाबिलोनच्या हातीं पडलें.

या कथांत इतिहास किती, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. तथापि तेल दान येथें १९९३ सालीं सांपडलेल्या शिलालेखांत दावीदाच्या घराण्याचा उल्लेख आहे, असें बहुतेक संशोधक मानतात.

मग लोकांचें चुकलें कोठें? लांचखाऊ न्यायाधीश नकोत, ही तक्रार अगदीं खरी होती. परंतु न्यायी माणसें निर्माण करण्याचें कष्टाचें काम टाळून त्यांनीं आपला सारा भार एका मनुष्यावर टाकला. तरीहि या परंपरेनें राजाला धर्माहून श्रेष्ठ मानलें नाहीं. नाथान प्रवक्त्यानें दावीदाला त्याचें पाप तोंडावर सांगितलें, आणि राजानें तें मान खालीं घालून कबूल केलें.

निरोपाच्या वेळीं शमुवेलानें भरसभेंत विचारलें कीं, मीं कोणाचा बैल घेतला, कोणाकडून लांच घेतली? एकहि मनुष्य त्याच्याविरुद्ध बोलला नाहीं. हाच प्रश्न मुलांच्या वतीनें त्याला विचारतां आला असता काय? घरांतील प्रत्येक कर्त्या पुरुषानें एकदां तरी स्वतःशीं विचारून पाहावा, असा हा प्रश्न आहे.