पावसाळा नसलेला अहवाल

मार्च महिना. इगतपुरी तालुक्यातल्या एका शाळेच्या गच्चीवर एक तरुण धूळ मोजत होता. पांढराशुभ्र फिल्टर पेपर त्याने चिमट्याने उचलला, यंत्राच्या जाळीवर ठेवला, कडा नीट बसल्या का ते वाकून पाहिलं आणि बटण दाबलं. कोऱ्या कागदाचं वजन आधीच नोंदवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कागद मळकट तपकिरी होऊन निघाला. दुपारी वीज गेली होती, तर तेवढी मिनिटंही त्याने वहीत टिपली होती. पोराचं काम चोख होतं.

गावालगत मोठी दगडखाण यायची होती. १४ सप्टेंबर २००६च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार अशा खाणीला आधी पर्यावरण मंजुरी लागते आणि मंजुरीसाठी आघात मूल्यांकनाचा अहवाल. साधारण दहा किलोमीटरच्या परिसरातली हवा, पाणी, माती, आवाज, झाडंझुडपं त्यात नोंदवायची. बहुतेक प्रकल्पांना त्यासाठी एका हंगामाची, म्हणजे तीन महिन्यांची मोजणी पुरते. हंगाम कोणता? पावसाळा सोडून कुठलाही.

माझं दुखणं इथे आहे. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. डोंगर इथे पावसातच बोलतो. माती कुठून सुटते, पाणी कुठल्या खाचरातून उतरतं, विहिरी कशाने भरतात, हे मार्चमध्ये कुणाला दिसणार? पावसात हवेतली धूळ खाली बसते, मोजणीला अर्थ उरत नाही, हे मला कळतं. पण धुळीसाठी केलेली सोय पाण्यालाही लागू झाली. अहवालाच्या मराठी सारांशात गावच्या ओहोळाला दोनच शब्द मिळाले होते: हंगामी नाला.

ही चूक पकडायची जागा म्हणजे जनसुनावणी. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो. लोकांना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रातून कळवावं लागतं, मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत वाचायला ठेवावा लागतो, सगळ्याचं चित्रीकरण होतं. गणपूर्तीची अट नाही, चार माणसं आली तरी सुनावणी होते. म्हणून जाणं महत्त्वाचं.

जिल्ह्याच्या ठिकाणी, नाशिक शहरात, मात्र बांधकामांना ही पायरीच नाही. २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारती आणि वसाहतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. नासर्डी नदीच्या काठी मोठा गृहप्रकल्प उभा राहायचा असेल, तर शेजारच्या वस्तीला मंडपात उभं राहून बोलायची संधीच येत नाही. गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागला की कमरेला, यावर मोजणारं हे शहर आहे. पाणी कुठवर येतं हे इथे घरोघर ठाऊक असतं. ते विचारून घेण्याची सक्ती नियमात नसावी, हे मला मान्य नाही.

गावातल्या सुनावणीत एक आजी बोलल्या. "साहेब, आवणीच्या दिवसांत त्या ओहोळातून पलीकडं जाता येत नाही. आमची खाचरं त्याच्याच पाण्यावर. वर खाण झाली की गाळ कुठं जाईल?" त्यांच्यानंतर आणखी बरेच जण बोलले. रोजगार मागणारेही होते, आणि त्यांचंही खोटं नव्हतं.

शेवटी नियमाप्रमाणे इतिवृत्त मराठीत वाचून दाखवलं गेलं. आजींच्या बोलण्याचं तिथे एक वाक्य झालं होतं: 'ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.' आजी पुन्हा उठल्या. "चिंता नाही सांगितली मी. ओहोळ सांगितला. नाव लिहा त्याचं. आषाढ-श्रावण लिहा. खाचरं लिहा."

अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिलं. त्याने ते वाक्य खोडलं आणि आजींना विचारलं, "नाव परत सांगा." त्यांनी सावकाश सांगितलं. ते लिहून होईपर्यंत त्या खाली बसल्या नाहीत.